फवारा पुरे, पाटे उघडा

पावसाळा सरला की आमच्याकडे एकाच तक्रारीची पत्रे येऊ लागतात. रॅलीसाठी गाडी शेडमधून बाहेर काढली आणि स्प्रिंगचे पाटे कुईकुई करू लागले. पुढची ओळही ठरलेली: ‘वर्कशॉपमध्ये फवारा मारून घेतला, दोन दिवस बरी होती.’

डिझेल आणि जळक्या ऑइलचा हा फवारा आता बंद झालाच पाहिजे. पातळ तेल पाट्यांच्या फटीत टिकत नाही. बाहेर उरलेल्या थरावर धूळ बसते, तिचा लगदा आत शिरतो आणि पाटे आणखी झिजतात. रोल्स-रॉइसच्या ज्या ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ने 1908 मध्ये मुंबई–कोल्हापूर चाचणीत आपले घाट गाजवले, तिच्या घराण्यातल्या गाड्यांना आपण ही वागणूक देतो, याची चीड येते.

आधी आवाज कुठला ते ओळखा. पाट्यांवर बाटलीभर पाणी ओता आणि गाडी दाबून हलवा. कुईकुई तात्पुरती थांबली तर पाटेच कोरडे आहेत. ठक्‌ठक्‌ असेल तर शॅकल पिन आणि बुश बघा. रोल्स-रॉइस फँटम वनच्या मागच्या कँटिलिव्हर स्प्रिंगला मधला पिव्होटही तपासा. फँटम टूमध्ये केंद्रीय वंगणाच्या बारीक नळ्या तुंबून पिना कोरड्या पडतात आणि बोल लागतो तो पाट्यांना.

पाटेच दोषी असतील तर संच उतरवून उघडण्याला पर्याय नाही. खालच्या पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्यात खाच पाडलेली असते. नख फिरवले की ती लागते. टोकाची धार गोल करा, गंज काढा, पण ग्राइंडरचे आडवे ओरखडे ठेवू नका, भेग तिथूनच धरते. घासायचे ते लांबीच्या दिशेने. मग ग्राफाइट ग्रीस, वर चामड्याची गवसणी, आणि यू-बोल्टची शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना. थोडे अंतर चालवून ते पुन्हा आवळा. नायलॉनच्या पट्ट्या मात्र घालू नका. पाट्यांमधले घर्षण ही या गाड्यांची अर्धी डॅम्पिंग आहे; ते काढून घेतले तर गाडी उसळत राहील.

‘स्प्रिंग उघडली तर व्हीए नोंदणी (विंटेज गाड्यांची) जाईल’ असे काही सभासद सांगतात. या नोंदणीचे 2021 चे नियम चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांबद्दल बोलतात, साफसफाईबद्दल नाही. ही सबब सोडा.

खरी अडचण गवसण्यांची आहे. त्या शिवणारे कारागीर मोजकेच उरलेत आणि मापे कुणाकडेच नीट नाहीत. जुन्या, फाटक्या गवसण्या कुणी फेकू नका. टाके उसवून त्या कागदावर पसरा, कडा आणि भोके पेन्सिलीने उतरवून घ्या, मॉडेल आणि चॅसिस क्रमांक लिहा आणि तो कागद आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकापासून आम्ही ही मापे छापू.