विश्लेषण : पेन्शन ठरलेली, विमानभाडे न ठरलेले... ज्येष्ठांना अंदमानची सहल महाग का पडते?

थंडी पडली की मराठी घरांत सहलींचे बेत सुरू होतात आणि निवृत्त जोडप्यांच्या यादीत अंदमान बरेचदा वर असते. स्वच्छ समुद्र हे एक कारण आणि सेल्युलर जेल हे दुसरे. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये देशभरातील विमानसेवा कोलमडली आणि एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. ज्यांचे महिन्याचे उत्पन्न ठरलेले आहे, त्यांनी रोज बदलणाऱ्या भाड्याचा हिशेब कसा मांडायचा? बेटावर जाणाऱ्यांना हा प्रश्न सर्वाधिक का भेडसावतो, ते समजून घेऊ या.

मराठी पर्यटक अंदमानला का जातात?

विनायक दामोदर सावरकर यांना ४ जुलै १९११ रोजी सेल्युलर जेलमध्ये आणले गेले आणि मे १९२१ पर्यंत ते तिथे होते. १९०६ मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. सावरकरांची कोठडी पाहणे हा अनेक मराठी पर्यटकांसाठी सहलीचा मुख्य हेतू असतो. तिथल्या विमानतळालाही सावरकरांचेच नाव आहे. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम करण्यात आले. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप आणि नील बेटाचे नाव शहीद द्वीप झाले होते.

हिवाळाच का?

मे महिन्यात सुरू झालेला पाऊस अंदमानात वर्षाअखेरीपर्यंत अधूनमधून पडतच असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही काळ असतो. जानेवारीपासून हवा कोरडी होते. म्हणजे सर्वांना एकाच वेळी जायचे असते आणि भाडेही त्याच वेळी चढते. नाताळच्या सुट्टीत तर नोकरदार कुटुंबे आणि निवृत्त जोडपी एकाच विमानातील जागांसाठी स्पर्धेत असतात.

खडवलीहून तिथे पोहोचायचे कसे?

समजा, खडवलीतील एक निवृत्त जोडपे निघाले आहे. खडवली हे कल्याण-कसारा मार्गावर टिटवाळ्याच्या पुढचे स्थानक. इथून घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रोने मरोळ नाका आणि तिथून दुसऱ्या मेट्रोने विमानतळ, असा स्वस्त मार्ग आता उपलब्ध आहे. पण विमान पहाटेचे असेल तर टॅक्सीशिवाय पर्याय राहत नाही. थेट विमान मिळाले नाही तर चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून जहाजही जाते. मात्र त्याला साधारण तीन दिवस लागतात आणि महिन्यातील फेऱ्या मोजक्याच असतात. त्यामुळे वय झालेल्या प्रवाशांसाठी विमान हाच खरा मार्ग उरतो.

रेल्वे आणि एसटीची सवलत इथे का उपयोगी पडत नाही?

ज्येष्ठांचा प्रवास आजवर रेल्वे आणि एसटीच्या भरवशावर होत आला आहे. रेल्वेत ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या सुरुवातीला, २० मार्च २०२० रोजी ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. प्रत्येक प्रवाशाला तिकिटात सवलत आधीच मिळते, अशी सरकारची भूमिका आहे.

एसटीमध्ये ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे तिकीट लागते आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे. राज्याच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला ३० हजार रुपयांपर्यंत लाभ मिळतो, पण तो तीर्थक्षेत्रांसाठी. थोडक्यात, देवदर्शनाला जायचे तर सरकारी मदत आहे, समुद्र पाहायला जायचे तर नाही. काही विमान कंपन्या ज्येष्ठांना सवलत देतात. मात्र ती मूळ भाड्यावर असते, एकूण तिकिटावर नाही. शिवाय हंगामात मूळ भाडेच चढलेले असते.

विमानाचे भाडे कोण ठरवते?

१९९४ पासून देशांतर्गत विमानभाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे आहे. एकाच विमानातील जागांचे वेगवेगळ्या दरांचे गट केलेले असतात. स्वस्त गटातील जागा आधी संपतात आणि मागणी वाढली की दर वर सरकतो. जमिनीवर भाडे वाढले तर प्रवासी रेल्वेकडे किंवा बसकडे वळतो. बेटावरून वळणार कुठे? त्यामुळे एखादी कंपनी बंद पडली किंवा फेऱ्या कमी झाल्या की त्याचा फटका बेटाला लगेच बसतो. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा तिच्या मार्गांवर उरलेल्या कंपन्यांची भाडी वाढली. पोर्ट ब्लेअर त्यांपैकीच एक होते.

डिसेंबरमध्ये नेमके काय झाले?

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे लागू झाले. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. देशांतर्गत बाजारपेठेत सुमारे ६५ टक्के वाटा असलेल्या इंडिगोला त्यासाठी वैमानिकांचे नियोजन जमले नाही. ५ डिसेंबरला एका दिवसात कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

इतर कंपन्यांचे दर भडकल्यावर सरकारने ६ डिसेंबरला भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००, १,५०० किलोमीटरपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये. कर आणि विमानतळ शुल्क यात धरलेले नव्हते.

मर्यादा होती, मग अडचण कुठे?

मुंबई ते श्री विजयपुरम हे अंतर १,५०० किलोमीटरपेक्षा बरेच जास्त आहे. म्हणजे कमाल भाड्याने दोघांचा फक्त एका बाजूचा प्रवास ३६ हजार रुपये, वर कर वेगळे.

आता दुसरी बाजू पाहू. निवृत्तीच्या रकमेतील १५ लाख रुपये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर ८.२ टक्के दराने तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज मिळते. म्हणजे तीन महिन्यांचे व्याज परतीच्या दोन तिकिटांनाही पुरत नाही आणि हा हिशेब सरकारने प्रवाशांच्या संरक्षणासाठी ठरवलेल्या दराचा आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयेच आहे. त्या गटासाठी तर ही चर्चाच लागू होत नाही.

तिकिटाचे पैसे परत मिळाले तरी प्रश्न संपत नाही. आठवड्यापूर्वी घेतलेल्या स्वस्त तिकिटाचा परतावा जुन्या दराने मिळतो आणि नवे तिकीट आजच्या दराने काढावे लागते. मधला फरक प्रवाशाच्या खिशातून जातो.

नियम काय सांगतो?

पूर्वसूचना न देता विमान रद्द झाले तर प्रवाशाला पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडता येते. प्रवास दोन तासांपेक्षा अधिक असेल तर १० हजार रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती भरपाई म्हणून मिळू शकते. मात्र वादळासारख्या कंपनीच्या हाताबाहेरील कारणासाठी भरपाई मिळत नाही. अडकून पडलेल्या बेटवासी प्रवाशाने परतावा घ्यावा की पर्यायी विमान? बहुतेक वेळा पर्यायी विमानाचा आग्रह धरणे फायद्याचे, कारण त्यात भाड्यातील फरक कंपनी सोसते.

अडकण्याची शक्यता केवळ विमानांमुळे नसते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉकवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती.

जाणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

पहिले, जाण्याइतकाच परतीचा विचार करावा. स्वराज द्वीप आधी पाहून शेवटचे दोन दिवस श्री विजयपुरममध्ये काढले तर फेरीबोट रद्द झाली म्हणून विमान चुकत नाही.

दुसरे, औषधे. ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभराची जास्त औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील बॅगेत असावी. मोठे सरकारी रुग्णालय श्री विजयपुरममध्ये आहे. इतर बेटांवर सोयी मर्यादित आहेत.

तिसरे, टूर कंपनीला लेखी विचारावे, की विमान रद्द झाले तर जादा मुक्कामाचा आणि नव्या तिकिटाचा खर्च कोणाचा? ठरलेल्या रकमेचे पॅकेज ज्येष्ठांना सोपे वाटते ते याच जोखमीमुळे, पण जोखीम खरोखर कंपनीने घेतली आहे का, हे अटींमध्येच कळते.

चौथे, दिवस लवकर आटोपावा. अंदमान पूर्वेला असल्याने डिसेंबरमध्ये तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सेल्युलर जेलमध्ये वरच्या मजल्यांवर जायला जिने चढावे लागतात. गुडघे दुखत असतील तर ते सकाळीच उरकावे.

पुढे काय?

डिसेंबरमधील मर्यादा तात्पुरती होती. जिथे विमानाला पर्याय नाही, अशा मार्गांसाठी कायमची कमाल मर्यादा असावी का, हा प्रश्न मात्र तसाच आहे. अंदमानच्या रहिवाशांना उपचारासाठी चेन्नई गाठताना तो वर्षभर भेडसावतो. खडवलीच्या जोडप्याला तो आठ दिवस जाणवतो. दोघांची गरज एकच आहे: घरी परतण्याचे भाडे आधी कळावे आणि ते परवडावे.