मोटारीने गाणगापूर-बीदर

पाऊस ओसरला, घाटातले धुके विरले आणि दिवाळीची सुटी जवळ आली, की गोमंतकातील घराघरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. पूर्वी हे बेत आगगाडीच्या वेळापत्रकाभोवती फिरत. आता दारात मोटार उभी असते आणि घरातीलच कोणी मुलगा, सून किंवा जावई ती चालवीत असतो. बेत करणाऱ्यांत साधारणतः दोन पक्ष पडतात. एका पक्षाला थंड हवेचे ठिकाण हवे असते. तो महाबळेश्वर किंवा उटी गाठतो आणि तेथे मोटारींच्या रांगेत अर्धा दिवस घालवून परततो. दुसऱ्या पक्षाचा नवस फेडावयाचा राहिलेला असतो. तो गाणगापूरला जातो आणि रात्रीचा दिवस करून परततो. या दोन्ही पक्षांना आम्ही बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागाची वाट सुचवीत आहोत. मात्र गाणगापूरची यात्रा आज ज्या रीतीने केली जाते, तिच्याविषयी आधी चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

ही रीत अशी. बुधवारी कचेरीतून घरी यावयाचे, जेवण उरकून रात्री नऊच्या सुमारास मोटार काढावयाची, पहाटे भीमा-अमरजा संगमावर स्नान, मग निर्गुण पादुकांचे दर्शन, दुपारची माधुकरी, गुरुवारची पालखी डोळे भरून पाहावयाची आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा कचेरीत हजर. पणजीहून गाणगापूर साडेचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे एकच माणूस दोन रात्रींत नऊशे किलोमीटर मोटार हाकतो, आणि तीही दिवसभराच्या कामाचा शीण अंगावर असताना. मागच्या आसनावर वृद्ध आईवडील आणि मुले निर्धास्त झोपलेली असतात. रजा एकच दिवसाची मिळते, वडिलांचे वय झाले, नवस आणखी किती वर्षे लांबणीवर टाकावयाचा, ही अडचण आम्हांस कळते. परंतु पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचा डोळा लागतो तो श्रद्धा पाहून लागत नाही. भाड्याच्या गाडीचा चालक असे सलग चालवू लागला तर आपण त्याला थांबवून चहा पाजतो. घरचाच मुलगा चालवीत असला म्हणजे तेवढीही विचारपूस होत नाही.

त्यातून रस्ता परका. घाटातील वळणांची सवय असलेल्या आमच्या माणसाला घाटाची भीती नसते आणि ती फारशी असूही नये. चोर्ला किंवा अनमोड चढताना तो आपण होऊन सावध राहतो. धोका पुढे, सपाटीवर आहे. विजापूर सोडले की रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना काळी रेगडी, क्षितिजापर्यंत तूर आणि ज्वारी. अशा रस्त्यावर पाय आपोआप दाबला जातो. दिवाळीनंतर अफझलपूर, आळंद, भालकी या ऊसपट्ट्यात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस रात्रंदिवस वाहिला जातो. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, परावर्तक पट्टी असली तर उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली असते. काळोखात ती काळी भिंत मोटारीच्या प्रकाशात दिसते तेव्हा अंतर फार थोडे उरलेले असते. आडरस्त्यांवर शेतकरी मळणीसाठी पीक अंथरतात. गाड्यांच्या चाकांखाली दाणे सुटतात, त्याचे कष्ट वाचतात. त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या गावात खळे किंवा यंत्र किती आहे हे पाहिले पाहिजे, पण त्या पेंढ्यावरून भरधाव जाणारी मोटार घसरते हेही तितकेच खरे. अवकाळी पाऊस झाला असेल तर डांबर सोडून रेगडीत चाक घालू नये. ती माती चाकाला अशी बिलगते की गावातला ट्रॅक्टर आल्यावाचून सुटका नाही.

आणखी एक गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाच्या सहज ध्यानी येत नाही. आमच्या नद्या लहान. डोंगरात पाऊस पडला की काही तासांत पूर येतो आणि ओसरतो. भीमेचे तसे नाही. ती पुणे जिल्ह्यात भीमाशंकरी उगम पावते, उजनीच्या धरणात अडते आणि शेकडो किलोमीटर वाहून गाणगापूरला येते. तेथे आकाश निरभ्र असताना पाणी चढू शकते, कारण ते वरून सोडलेले असते. २०२० च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस कलबुर्गी जिल्ह्यातील भीमाकाठच्या गावांनी हे भोगले आहे. म्हणून नवरात्रापूर्वी निघणाऱ्याने पणजीचे आभाळ पाहण्याऐवजी उजनीच्या विसर्गाची बातमी पाहावी, आणि संगमावर पाणी गढूळ व वेगवान दिसले तर काठावरूनच अर्घ्य द्यावे.

तेव्हा चार किंवा पाच दिवसांची रजा मिळत असेल तरच निघावे, हे आमचे मत. पहिल्या दिवशी उजाडल्यावर निघून, साखळीच्या दत्तमंदिराला हात जोडून चोर्ला घाट चढावा. वाटेत कणकुंबी लागते. मलप्रभेचा उगम येथला आणि म्हादईच्या पाण्याचा तंटाही येथलाच. पाण्यावरून दोन राज्ये भांडत आहेत ती जागा डोळ्यांनी पाहून पुढे जाणे कोणाही गोमंतकीयास बरे. बेळगावला जेवण, मुक्काम विजापुरास. त्या शहराचे सरकारी नाव २०१४ पासून विजयपुरा आहे आणि गुलबर्ग्याचे कलबुर्गी. पाट्यांवर नवी नावे आहेत, जुनी शोधीत बसल्यास फाटा चुकतो. दुसऱ्या दिवशी गाणगापूर किंवा सरळ सिंदगी-जेवर्गीवरून कलबुर्गी, तिसऱ्या दिवशी हुमनाबादवरून बीदर. कलबुर्गी ते बीदर सुमारे एकशे दहा किलोमीटर. वाटेत हुमनाबादला सोलापूर-हैदराबाद हमरस्ता आडवा जातो. तेथली अवजड वाहतूक लक्षात ठेवावी.

आता थंड हवेच्या पक्षाकडे वळतो. बीदरला कोणी गिरिस्थान म्हणत नाही, आणि मे महिन्यात तेथे जाऊन कोणी आम्हांस शिव्या दिल्या तर त्या आम्ही मुकाट्याने सोसू. पण समुद्रसपाटीपासून हे पठार बावीसशे फुटांच्या आसपास उंच आहे, आणि १३४७ त स्थापन झालेल्या बहमनी राज्याची गुलबर्ग्याची राजधानी अहमदशहा सुलतानाने १४२४ नंतरच्या काही वर्षांत येथे आणली तेव्हा येथली हवा आणि पाणी ही महत्त्वाची कारणे मानली गेली. सपाटीवरच्या उन्हाला कंटाळलेल्या दरबारासाठी ते थंड हवेचे ठिकाणच होते! नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथील पहाट अंगावर शाल घ्यावयास लावते.

त्या पठारावर पाय ठेवताच आमच्या माणसाला परके वाटणार नाही, कारण पायाखाली जांभा दगड आहे. ज्या चिऱ्यांनी आमची घरे आणि कुंपणे उभी राहिली, त्याच जातीच्या दगडाचा बीदरचा किल्ला आहे. एका बाजूला त्याचा तिहेरी खंदक या खडकातच खोदून काढलेला आहे. आमच्या सड्यांवर पाऊस मुरतो आणि सड्याच्या पायथ्याशी झर फुटते, तोच निसर्गाचा व्यवहार तेथेही चालतो. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या पाषाणावर येऊन अडते आणि वाट मिळेल तेथे बाहेर पडते. गुरुनानकांच्या नावाने ओळखला जाणारा झिरा, पापनाशाचे तीर्थ आणि डोंगराच्या पोटात छातीभर पाण्यातून चालत जाऊन दर्शन घ्यावयाचे झरणी नरसिंहाचे स्थान, ही सर्व या एकाच पाण्याची कृपा. नौबादजवळ तर पंधराव्या शतकात इराणी पद्धतीने भुयारी कालवा खोदून हे पाणी मैलभराहून अधिक अंतर वाहून नेलेले आहे आणि वर ठराविक अंतरावर हवेसाठी विहिरीसारखी तोंडे ठेवली आहेत. ज्यांच्या गावची झर खाणींनी किंवा बांधकामांनी आटविली आहे त्यांनी हा कालवा मुद्दाम पाहावा. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जांभ्याची आणि पाण्याची जात कळत होती.

बीदरशी आमचे नाते केवळ दगडाचे नाही. महमूद गावान हा इराणातून आलेला बहमनी वजीर. त्याने १४७२ त विजयनगरच्या ताब्यातून गोवा जिंकला आणि त्याच वर्षी बीदरमधील त्याच्या प्रसिद्ध मदरशाचे बांधकाम पुरे झाले. निळ्या कौलांचे तुकडे अजून ज्यावर चमकतात त्या भिंती आणि उरलेला एक मनोरा आज उभा आहे. बाकीचा भाग औरंगजेबाच्या काळात स्फोटाने पडला. नऊ वर्षांनी, १४८१ त, बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने या वजिराचा शिरच्छेद करविला. त्यानंतर राज्याची शकले झाली आणि गोवा विजापूरकरांकडे गेला, तो १५१० पर्यंत. पणजीच्या जुन्या सचिवालयाला आपण आदिलशहाचा राजवाडा म्हणतो, पण त्या नावामागची पाने विजापूर आणि बीदर या दोन मुक्कामांवर वाचावयास मिळतात. आणि ज्यांच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह होतो त्यांना या प्रवासात एक वेगळाच दुवा सापडेल. ग्रंथाच्या अखेरीकडे ज्या यवन राजाची व्याधी श्रीगुरूंच्या कृपेने दूर होते, तो याच बीदरचा. गाणगापूर आणि बीदर एका प्रवासात जोडण्याची कल्पना त्यामुळे आमची नाही. ती ग्रंथाचीच आहे.

हुमनाबादहून तीसेक किलोमीटरांवर बसवकल्याण आहे. हे चालुक्यांचे कल्याण. गोव्याचे कदंब त्यांचे मांडलिक होते आणि दुसऱ्या जयकेशीला विक्रमादित्य सहावा याची कन्या मैलळदेवी दिलेली होती. त्याच विक्रमादित्याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. तिच्या आधाराने बंगालवगळता भारतभरच्या हिंदूंची वाटणीपत्रे झाली, फक्त आम्हां गोव्यातल्या हिंदूंना पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेने वेगळे काढले! बाराव्या शतकात बसवेश्वरांनी येथेच जातिभेदाविरुद्ध आवाज उठविला. हुमनाबादला लागूनच माणिकनगर आहे. १८१७ ते १८६५ या काळातील माणिकप्रभूंनी मराठी, कानडी आणि हिंदुस्थानीतून पदे रचली आणि सर्व मतांना एकाच गादीसमोर बसविले. दत्तजयंतीला तेथे मोठा उत्सव असतो. गर्दी टाळावयाची असेल तर तो सप्ताह सोडावा, गर्दीसाठीच जावयाचे असेल तर मुक्कामाची सोय आधी करावी. झाडीची ओढ असणाऱ्यांनी कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळी अभयारण्य आणि चंद्रमपल्लीचा तलाव पाहावा. पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास ते हिरवे दिसते. पण आंबोलीची आठवण मनात धरून जाऊ नये, हे कोरड्या मुलुखातले रान आहे.

भाषेविषयी थोडे. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. बीदर, गुलबर्गा, रायचूर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि बीदर जिल्ह्यातलेच उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलुखात आले. त्यामुळे भालकी, बसवकल्याण, आळंद येथे तुम्ही मराठीत विचारा, उत्तर मराठीत येईल. सीमावादाचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाविषयी आमची मते काहीही असोत, पाहुण्याने ती मोटारीच्या काचेवर चिकटवून फिरू नये. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले होते; असे दिवस आले तर बेत आठवडाभर पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. एरव्ही चार कानडी शब्द आणि 'कलबुर्गी', 'बीदर' ही नावे त्या लिपीत ओळखता आली तर नकाशा दाखविणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक उपयोग होतो. ते यंत्र जवळचा रस्ता म्हणून शेतातली बैलगाडीची वाट दाखविते, ओट्यावर बसलेला म्हातारा तसे करीत नाही. मासळीचा विरह मात्र सोसावा लागेल. भाकरी, शेंगाचटणी आणि भरल्या वांग्यावर चार दिवस निभतात.

शेवटी सरकारांकडे दोन मागण्या. गोव्यात खासगी मोटारी चोरून भाड्याने देण्याचा धंदा बोकाळला आहे. अशी मोटार घेऊन परराज्यात गेलेल्या कुटुंबाला अपघात झाला तर विम्याची कंपनी हात वर करते, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. वाहतूक खात्याने चोर्ला आणि अनमोडच्या नाक्यांवर भाड्याच्या मोटारींची कागदपत्रे उतरत्या घाटाइतकीच चढत्या घाटालाही तपासावीत. कर्नाटक सरकारने ऊसवाहतुकीच्या प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी लागल्याशिवाय तिला कारखान्याच्या फाटकातून आत घेऊ नये, असा नियम हंगाम सुरू होण्यापूर्वी कसोशीने अमलात आणावा. कारखान्याचे फाटक एकच असते, त्यामुळे तेथे हे काम रस्त्यावरच्या पोलिसापेक्षा सोपे आहे. विजापूर ते हुमनाबाद या टप्प्यात बायकांना निःसंकोच वापरता येतील अशी दोन-तीन स्वच्छतागृहे आणि थकलेल्या चालकाला तासभर आडवे होता येईल अशी सावली उभी करावयास फार मोठा निधी लागणार नाही. दत्तजयंती मार्गशीर्षात आहे. त्याआधी एवढे झाले तर पुष्कळ झाले.