दोष कोंबडीचा की कोंबड्याचा?

ब्लॉगवर मी काहीही लिहिलं तरी नातेवाईक गप्प असतात, कोंबड्यांवर लिहिलं की मात्र लगेच फोन येतात. त्यामुळे आज पुन्हा कोंबड्याच! नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, गिरगावातल्या आमच्या वाडीत, तळमजल्याच्या मागच्या मोकळ्या जागेत सहा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे.

यंदा खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली, सहा पिल्लं निघाली. त्यावर आलेली मतं साधारण एकच होती. कोंबडी नीट बसत नाही, सारखी उठते, बदला तिला. कोंबड्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. तो पिंपावर उभा राहून आरवतो, तुरा लालभडक, म्हणजे त्याचं सगळं ठीकच असणार!

माझं मत असं, की सातव्या रात्री टॉर्च लावून अंडी पाहिल्याशिवाय कुणालाच दोष देऊ नये. काम सोपं आहे. अंधार करायचा, छोट्या पण प्रखर टॉर्चवर अंड्याचा रुंद भाग टेकवायचा. आत जीव धरला असेल तर मध्ये काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. काहीच नसेल तर अंडं नुसतं पिवळसर उजळतं, हे कोरं अंडं. आणि जीव धरून मग मेला असेल तर बहुधा रक्ताचं एक कडं दिसतं. गावठी अंड्याचं कवच तपकिरी असेल तर जरा कठीण जातं, मग दोन-तीन दिवस थांबून पुन्हा बघावं. अंड्यांवर पेन्सिलीने खूण मात्र हवीच, कारण दुसरी एखादी कोंबडी गुपचूप त्याच खुराड्यात अंडं घालून जाते.

आता आमच्या बाराचा हिशोब बघा. पाच कोरी, एकात रक्ताचं कडं, सहा जिवंत. म्हणजे फळलेली अंडी सातच, आणि त्यातल्या सहांची पिल्लं झाली. याहून चांगली आई कुठे मिळणार? २१ दिवस बिचारी दाणा-पाण्यापुरती उठत होती, आणि बदला म्हणे तिला! समजा एकच अंडं कोरं असतं आणि पाचांत रक्ताची कडी दिसली असती, तरी पिल्लं सहाच निघाली असती. पण मग ऊब कमी पडली का, अंडी फार दिवस साठवली का, प्रवासात हादरली का, हे शोधावं लागलं असतं. आकडा तोच, पण दुखणं पार वेगळं.

कोऱ्या अंड्यांचंही एक आहे. फार लवकर मेलेला जीव टॉर्चला दिसत नाही, तेही अंडं कोरंच वाटतं. त्यासाठी घरच्या ताज्या अंड्यांतली तीन-चार ऑम्लेटच्या निमित्ताने बशीत फोडावीत. बलकावरचा पांढरा ठिपका नुसता घट्ट आणि वेडावाकडा असेल तर अंडं फळलेलं नाही, गोल आणि कडेने कडं असलेला असेल तर फळलेलं आहे. पाण्यात तरंगतं का बुडतं यावरून अंडं किती शिळं ते कळतं, फळलेलं आहे का ते नाही. आणि दुकानातली पोल्ट्रीची अंडी उबवायला ठेवू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. तिथे कोंबडाच नसतो.

मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अंडं साठवायला साधारण १५ ते १८ अंश बरे. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघरात तीसच्या वर पारा असतो, तिथे ठेवलेल्या अंड्यातला जीव धड वाढत नाही आणि धड झोपूनही राहत नाही, अर्धवट वाढून मरतो. म्हणून तीन-चार दिवसांच्या आतली अंडीच बसवावीत. कोकणातून तुतारी एक्स्प्रेसने दादरला आलेली अंडी तर आधी एक दिवस टोक खाली करून शांत ठेवावीत.

आमच्याकडे कोरी अंडी जास्त म्हणजे बघायचं कोंबड्याकडे. वय झालंय का, पायाला इजा आहे का, उन्हाने थकलाय का. सहा कोंबड्यांना एक कोंबडा खरं तर पुरायला हवा. कोंबडा बदलला तरी दोन-तीन आठवडे थांबावं लागतं, कारण कोंबडीच्या पोटात जुन्याचं बीज दोनेक आठवडे टिकून राहतं. नाहीतर पिल्लं जुन्याची आणि कौतुक नव्याचं!

हे सगळं इतकं लिहायचं कारण कोंबड्यांपुरतं नाही. आमच्याच नात्यात एका बाईने वीस वर्षं 'तिला मूल होत नाही' हे वाक्य ऐकलं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, उपास झाले, नवस झाले. नवऱ्याची एक साधी तपासणी कुणी सुचवली नाही. त्यांचं घर होतं लालबागला, आणि तिथून जवळ परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून देशातल्या सुरुवातीच्या टेस्ट ट्यूब बाळांपैकी एक जन्माला आलं. विज्ञान दाराशी आलं होतं, पण 'त्यालाही तपासून घेऊ' एवढं म्हणायला घरात कुणी नव्हतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे आज कुठलाही डॉक्टर सांगेल.

माणसं आणि कोंबड्या एक नव्हेत, हे मला कळतं. पण न बघता बाईमाणसावर ठपका ठेवायची सवय दोन्हीकडे तीच आहे. म्हणून मंडळी, यापुढे 'बाराची किती निघाली?' हे विचारायच्या आधी 'सातव्या रात्री काय दिसलं?' असं विचारा. उत्तर द्यायला मला आवडेल.