रस्ता पालिकेचा, झाडणारे हात कोणाचे?



गेल्या पंधरवड्यात आपल्या भागातल्या एका भगिनीचे पत्र आले. ‘नाव छापू नका, गावही सांगू नका,’ असे तिने दोनदा बजावले आहे. ती लिहिते, ‘दादा, अकरा वर्षे मी रस्ता झाडते. या अकरा वर्षांत तीन ठेकेदार बदलले. रस्ता तोच, मुकादम तोच, हजेरीची जागाही तीच. पण दरवेळी नवा ठेकेदार म्हणतो, बाई, तू आजपासून नवीन. मग माझी मागची वर्षे गेली कुठे? मी पालिकेची की ठेकेदाराची?’

या ताईचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. कर्जत-खालापूर पट्ट्यात आपल्या कितीतरी घरांतले कोणी घंटागाडीवर आहे, कोणी पाण्याच्या टाकीवर, कोणी दिवाबत्तीवर. कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबईच्या कचऱ्यावर जातो. मागच्या पिढीत पालिकेची नोकरी म्हणजे डोक्यावर छप्पर होते. पगार थोडा, पण महिन्याला हातात पडायचा. आजारपणात रजा मिळायची, म्हातारपणी चार पैसे मिळायचे. आता काम तेच राहिले, फक्त मध्ये ठेकेदार येऊन बसला. त्याचा नफा कुठून निघतो? रस्ता काही कमी लांबीचा होत नाही. नफा निघतो तो झाडणाऱ्याच्या मजुरीतून, त्याच्या फंडातून आणि त्याच्या हातमोज्यांतून.

मग हे काम ठेकेदाराकडून परत पालिकेकडे येऊ शकते काय? येऊ शकते. त्याचा मोठा दाखला मुंबईचा आहे.

मुंबई महानगरपालिकेने कचरा उचलण्याचे काम ठेक्याने दिले होते. कागदोपत्री कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हटले जाई आणि मजुरीला ‘मानधन’. स्वयंसेवक म्हटले की कामगार कायदा लागू नको! कचरा वाहतूक श्रमिक संघाने मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली याविरुद्ध दाद मागितली. ऑक्टोबर २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने निकाल दिला, की हा ठेका केवळ दिखाऊ आहे, खरी मालक महापालिकाच आहे आणि २,७०० कामगारांना कायम करावे. महापालिका उच्च न्यायालयात गेली. तिथे डिसेंबर २०१६ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

पण वाचकहो, कथा इथे संपली नाही. निकालानंतर कागद तपासायला सुरुवात झाली आणि नावात फरक, आडनावात फरक, स्पेलिंगमध्ये फरक, अशा कारणांनी शेकडो जणांच्या नेमणुका अडकल्या. ज्याच्या पाठीवर मुंबईचा कचरा वाहिला गेला, त्याला एका अक्षरासाठी हेलपाटे घालावे लागले. महाडच्या चवदार तळ्याची आठवण यावी, असेच हे आहे. तळे पालिकेचे होते, ते सर्वांना खुले असल्याचा ठराव पालिकेनेच १९२४ साली केला होता, तरी १९२७ साली बाबासाहेबांना पाण्यापर्यंत चालत जावे लागले आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क पदरात पडेपर्यंत माणसाला उभे राहावे लागते, हे आपल्याच जिल्ह्याने जगाला शिकवले.

दुसरा दाखला आपल्या कर्जत तालुक्यातलाच, माथेरानचा आहे. तिथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. ई-रिक्षा आल्या, तेव्हा प्रश्न हाच उभा राहिला, की त्या कोणाला मिळणार? ओढणाऱ्यांना की भलत्यालाच? ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. गुजरातेतील केवडियाच्या धर्तीवर सरकारने ई-रिक्षा विकत घेऊन खऱ्या रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. यातून घ्यायचा धडा असा, की नवे यंत्र आले म्हणून जुन्या कष्टकऱ्याला बाजूला सारायचे नाही. कामावर पहिला हक्क त्याचा.

आता आपल्या मुलांच्या दृष्टीने पाहा. पालिकेतील कायम पद भरताना आरक्षण लागते. ठेकेदार माणूस ठेवतो तेव्हा कसले आरक्षण? सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी नोकरभरतीचा शासन निर्णय काढला होता. राज्यभर तरुण चिडले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय सरकारला रद्द करावा लागला. आवाज केला की निर्णय मागे जातात, हे लक्षात ठेवावे. तसेच लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते खरी; पण ती कायम कामगाराच्या वारसाला. ठेक्यावरच्या ताईच्या मुलांना ती वाटही बंद. आपल्या लेकराच्या हाती झाडू यावा असे आपल्याला वाटत नाही, पुस्तकच यावे असे वाटते. पण पुस्तक घ्यायलाही आईचा पगार वेळेवर यावा लागतो.

पालिकेची बाजूही ऐकली पाहिजे. अधिकारी म्हणतात, पदे शासन मंजूर करते, आस्थापना खर्चाला मर्यादा आहे, छोट्या पालिकेचे उत्पन्न ते किती! यात तथ्य आहे. पण ठेक्याचे बिल तरी त्याच तिजोरीतून जाते ना? पॅरिस शहराने पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडून काढून १ जानेवारी २०१० पासून स्वतःकडे घेतला आणि २०११ साली पाण्याचा दर आठ टक्क्यांनी उतरवला. तेव्हा ठेका स्वस्तच पडतो, हे गणित एकदा सर्वांसमोर मांडावे, एवढे तर आपण नगरसेवकांकडे मागू शकतो.

कायदाही बदलला आहे, तो जाणून घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा गेला. नव्या संहितेत आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास बंदी आहे, काही अपवाद सोडून. सफाई हे मुख्य काम मानलेले नाही. मात्र ती आस्थापना मुळात सफाईसाठीच स्थापन झालेली नसेल, तरच ही सूट आहे. आता नगरपरिषदेच्या १९६५ च्या कायद्यात रस्ते साफ ठेवणे हे पालिकेचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. मग सफाई हे पालिकेचे मुख्य काम नव्हे, असे कोण म्हणेल? हा मुद्दा आपल्या संघटनांनी वकिलांपुढे जरूर ठेवावा. जानेवारी २०२५ मध्ये गाझियाबाद महापालिकेच्या माळीकाम करणाऱ्या कामगारांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायमस्वरूपी काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसांकडून करून घेणे योग्य नव्हे.

ताई, आता तुम्हाला थोडे घरचे सांगतो. एक लोखंडी पेटी घ्या. तिच्यात हजेरी कार्ड, पगाराची पावती, बँकेचे पासबुक, फंडाचा नंबर, ओळखपत्र, कामावरचा फोटो, सगळे जपून ठेवा. ठेकेदार बदलला तरी जुना कागद फेकू नका. तुमची गेलेली अकरा वर्षे त्या कागदातच आहेत. आधार, बँक आणि हजेरी, तिन्हीकडे नाव एकसारखे करून घ्या. मुंबईचे भाऊ याच ठिकाणी अडकले. फंड खरोखर जमा होतो काय, ते शाळेत जाणाऱ्या मुलीकडून फोनवर तपासून घ्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी पालिकेवर येते, तेव्हा अर्ज पालिकेच्या नावे द्या आणि पोच घ्या. आणि एकट्या जाऊ नका. बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, तो उगाच नव्हे.

तुम्ही विचारलेत, मी कोणाची? ताई, रस्ता पालिकेचा, कर भरणारे गाव पालिकेचे, तर तो रस्ता झाडणारी तुम्हीही पालिकेचीच. हे उत्तर आज तुमच्या हजेरी कार्डावर नाही. ते तिथे लिहून घ्यायचे आहे, आणि त्यासाठी तुमच्या वस्तीने तुमच्या पाठीशी उभे राहायचे आहे.

जयभीम!