'वॉर्ड ऑफ' आणि आमचा कूलर

मी पडलो कॉन्व्हेंटचा. त्यामुळे होस्टेलच्या बोर्डावर इंग्रजी नोटीस लागली की पोरं मलाच पकडतात, "ए, अर्थ सांग." गेल्या ऑगस्टमध्ये नोटीस होती : डास 'वॉर्ड ऑफ' करण्यासाठी शनिवारी धूर फवारणी होईल. फर्स्ट इयरच्या एकाने विचारलं, "वॉर्ड म्हणजे दवाखान्यातला ना?" सगळे हसले. मी ऐटीत सांगितलं, "वॉर्ड ऑफ म्हणजे टाळणे. आता काळजी नाही."

पंधरा दिवसांनी माझा रूम पार्टनर खरोखरच वॉर्डात होता. डेंग्यू.

खरं म्हणजे तो ज्युनिअर अगदीच चुकला नव्हता. वॉर्ड म्हणजे मुळात राखण, पहारा. दवाखान्यातला वॉर्ड, आपले वॉर्डन आणि गेटवरचा 'गार्ड' ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. 'वॉर्ड ऑफ' म्हणजे येणारं संकट दारातूनच परतवणं. आई मीठ-मोहऱ्या ओवाळते ना, ते वॉर्ड ऑफ. (गुण येतो की नाही हा वेगळा प्रश्न!)

धुराला शोभणारा शब्द दुसराच आहे, 'स्टेव्ह ऑफ'. स्टेव्ह म्हणजे दांडका. इंग्लंडात बांधलेल्या बैलावर किंवा अस्वलावर कुत्री सोडायचा खेळ चाले. १८३५ साली तो कायद्याने बंद झाला. त्या कुत्र्यांना दांडक्याने मागे रेटणं म्हणजे स्टेव्ह ऑफ. कुत्रं मागे सरकतं, पण घरी जात नाही. म्हणून भूक बिस्किटावर 'स्टेव्ह ऑफ' होते, तासाभरात पुन्हा मेस आठवते. सबमिशनच्या रात्री झोपेचंही तेच. मराठीत आपण याला थोपवणं म्हणतो. डिक्शनरीत दोन्हींपुढे 'टाळणे' असतं आणि मीही तेवढंच पाठ केलेलं.

धुराने फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि आमच्या खोलीत मे महिन्यापासून पडलेला कूलर होता, तळाशी चार बोटं पाणी. ते नुसतं ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीसुद्धा कित्येक महिने टिकतात. टाकी घासावीच लागते. हे मला नंतर कळलं. तोपर्यंत धूर झालाय म्हणून दोघंही निवांत, दिवसा मच्छरदाणी गुंडाळून झोपायचो. हा डास चावतो मात्र दिवसा!

पार्टनर बरा झाला. मला एका शब्दानेही बोलला नाही, पण त्याचे दोन पेपर गेले.

माझं मत एवढंच की अशी नोटीस मराठीत लावा, आणि धुराने डास थोडे दिवस थोपतील, कूलर आपापले घासा, असं सरळ लिहा. इंग्रजीतच हवी असेल तर सरांनी लावण्याआधी मला हाक मारावी. घासायचा ब्रश आमच्याच खोलीत आहे, ज्याला हवा त्याने घेऊन जावा.