शेवळांची जागा मीच दाखवली

पाहुणे,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे.

जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर, तुम्ही पेणजवळच्या आमच्या वरकस जमिनीत आलात. फक्त फोटो काढायचे म्हणालात. आमच्या शेवळाचं अ‍ॅमॉर्फोफॅलस कॉम्युटॅटस हे शास्त्रीय नाव घडाघडा सांगितलंत. एवढं जाणणारा माणूस आपल्या बांधावर आला म्हणून मी हरखले, झाडीतली जागा मीच दाखवली. एक शेवळ उमललं होतं. त्याच्या कुजकट वासावर बारीक भुंगेरे आले होते. आधी फूल, मग छत्रीसारखं एकच पान, आणि ते पान पावसाळाभर कष्ट करून पुढच्या वर्षाचा कंद भरतं, हे तुम्हीच मला समजावलंत.

दसऱ्यानंतर गेले तर पानं पिवळी होऊन आडवी पडलेली आणि शेजारी १७ खड्डे. कंद भरेपर्यंत थांबलात तुम्ही.

पण त्या दिवशी माझ्या मनात तुम्ही आलाच नाहीत. आमच्याकडे २० वर्षं येणारी कातकरीण मावशी आली. ती भाजीसाठी मिटलेली शेवळं तोडते, जुड्या बांधून बाजारात विकते. उमललेल्याला हात लावत नाही. त्याला बी धरू दे म्हणते. भाजीत काकडाची फळं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात, म्हणून माझ्या जुडीबरोबर मूठभर काकडं पैसे न घेता टाकते. तिला मी विचारलं, "कंद तू काढलेस?"

तिने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. खड्ड्यात हात घालून पाहिला. "कंद काढला तर मी पुढल्या साली काय इकू?" एवढंच बोलली आणि गेली.

महिन्याभराने कुणीतरी तुमच्या फार्महाउसचे फोटो दाखवले. ओळीने कुंड्या, आणि कडेला ठेवलेल्या कंदांना आमची तांबडी माती तशीच चिकटलेली.

मी वाडीवर जाऊन मावशीची माफी मागितली. तिने पाणी दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आता ती आमच्या दारावरून जाते, हाक मारत नाही. कंदांचं दुःख आहेच, पण हे मला जास्त लागलं. माझ्या तोंडून तो प्रश्न तुमच्यामुळे गेला.

मृगाआधी कंद घेऊन या, आणि कुणी नेले ते तिच्यासमोर सांगा. खड्डे मी अजून बुजवलेले नाहीत.

— जागा दाखवणारी