*पिकअपची डिस्क: भोकांची की साधी?*

टोमॅटो-कांद्याच्या भाड्यांमुळे ज्यांच्या पिकअप रोज रस्त्यावर आहेत, त्यांच्यासाठी आजचा संदेश. भोकं पाडलेली किंवा खाचा मारलेली 'स्पोर्ट' डिस्क बसवा, ब्रेक जोरात लागतो, असं दुकानदार सांगतात. आमचं मत स्पष्ट आहे: *मालवाहू गाडीला कंपनीच्या मापाची साधी डिस्कच घ्या. उरलेले पैसे पॅड आणि ब्रेक ऑइलवर घाला.*

*असं का म्हणतो?*

ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलणं. ती उष्णता आधी डिस्कचं लोखंड झेलतं. भोकं पाडली की तेवढं लोखंड कमी होतं. जुन्या काळी पॅड तापल्यावर गॅस सोडायचे, तो बाहेर जावा म्हणून भोकं होती. आजच्या पॅडला त्याची फारशी गरज नाही. उलट भरल्या गाडीने डिस्क वारंवार तापली, की भोकांच्या कडेपासून चिरा जायची भीती असते. खाचांच्या डिस्कवर पाणी-धूळ लवकर निघते हे खरं, पण पॅडही लवकर झिजतात.

शिवाय बहुतेक पिकअपला डिस्क फक्त पुढे असते, मागे ड्रम. पुढे महागडी डिस्क आणि मागचे लायनर संपलेले, तर काय उपयोग?

*घाटात ब्रेक जातो कशामुळे?*

माळशेज किंवा कसारा उतरताना पेडल मऊ लागतं, त्याला बहुतेक वेळा पॅडचं अति तापणं किंवा जुनं ब्रेक ऑइल कारण असतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर ती हमी 155 अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल खाली जातं. तिथे कुठलीच डिस्क वाचवत नाही.

*म्हणून एवढं करा:*

✅ ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदला. कुठलं घालायचं ते डबीच्या झाकणावर असतं.
✅ डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. मेकॅनिककडून मोजून घ्या. त्याखाली गेली तर घासून वापरू नका, बदला.
✅ दोन्ही चाकांच्या डिस्क आणि पॅड एकदमच बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.
✅ मूळ डिस्क मधून हवा जाणारी असेल, तर स्वस्तातली भरीव डिस्क बसवू नका.
✅ घाट उतरताना खालचा गिअर. न्यूट्रल नको, इंजिन बंद तर अजिबात नको. चार-दोनदा दाबल्यावर बूस्टरची मदत संपते.

शेवटचं, थोडं कडू. पासिंगपेक्षा जास्त माल भरून चांगली डिस्क शोधणं म्हणजे उशाला साप ठेवून झोपणं. वजन दुप्पट, उष्णता दुप्पट. वेग दुप्पट, तर चौपट. दहा क्रेट जादा नेऊन मिळणारं भाडं एका उतारावर जाऊ शकतं, आणि गाडीत आपलाच मुलगा किंवा भाऊ असतो.

या आठवड्यात भाड्याला निघण्याआधी पुढचं एक चाक खोलून पॅड बघा. गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर हा संदेश त्यालाही पाठवा.